संबळ आणि सॅम्पलर: एका नाटकाच्या संगीताच्या प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

काम पक्कं झालं. दोन अंकी नाटक, गोंधळी घरातल्या बापलेकाची गोष्ट, पहिला प्रयोग जानेवारीअखेर. पार्श्वसंगीत माझ्याकडे. संस्था हौशी, त्यामुळे वादकांचा ताफा स्टुडिओत बसवायचा विषयच नाही. बहुतेक सगळं लॅपटॉपमधून काढायचं.

दिग्दर्शकाबरोबर संहिता वाचत आवाजांची यादी केली. संबळ (काड्यांनी वाजवायची लहान-मोठी दोन चामडी भांडी), तुणतुणं, झांज, एका प्रवेशात हलगी. दुसऱ्या अंकात मुलगा शहरात असतो तिथे पियानो आणि खाली व्हायोलिन-चेलो. तंबोरा जवळजवळ सगळीकडे.

ओळखीतल्या दोघातिघांना विचारलं की सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले सुटे आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर) कोणता घेऊ. प्रत्येकाने स्वतःकडे आहे त्याचं नाव सांगितलं. त्यामुळे आता उलट्या बाजूने जायचं ठरवलंय. यादीतला प्रत्येक आवाज नाटकात नेमकं काय करतो ते आधी लिहायचं, मग त्याला काय लागतं ते बघायचं, सॅम्पलरचं नाव सगळ्यांत शेवटी. उदाहरणार्थ, तुणतुणं एकाच सुरावर वाजत राहतं. त्याला तीस जीबीची लायब्ररी (तयार रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच) नको, एका तारेचे दहा-बारा वेगवेगळे झटके हवेत. व्हायोलिनला मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर सरकता आलं पाहिजे. आणि संबळ तर संवादाला उत्तर देतो. तो ठरलेल्या वेळी वाजणार नाही, नटाचा पाय पडेल तेव्हा वाजणार. ही अट सगळ्यांत अवघड आहे.

१४ नोव्हेंबर

पहिला उमेदवार अर्थातच कॉन्टॅक्ट. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने २००२ मध्ये आणला, आणि आज बाजारातल्या बहुसंख्य लायब्रऱ्या त्यालाच धरून बनतात. यंदा आठवी आवृत्ती आली. पूर्ण आवृत्ती २९९ डॉलर, म्हणजे आपल्याकडे पंचवीस हजारांच्या घरात. नोव्हेंबरअखेरच्या सवलतींत किमती बऱ्याच खाली येतात, तरी संस्थेकडून मला मिळणाऱ्या मानधनाशी ही रक्कम जुळत नाही.

कॉन्टॅक्ट प्लेअर फुकट आहे, पण त्यातली मेख नवख्यांना कुणी नीट सांगत नाही. प्लेअरसाठी रीतसर परवाना घेतलेल्या लायब्रऱ्याच त्यात अखंड चालतात. छोट्या निर्मात्यांच्या स्वस्त किंवा फुकट लायब्रऱ्या बहुधा 'पूर्ण कॉन्टॅक्ट हवा' अशा असतात. त्या प्लेअरमध्ये उघडतात, आणि १५ मिनिटांनी गप्प होतात. म्हणजे पाचशे रुपयांची लायब्ररी घ्यायची आणि ती वाजवायला पंचवीस हजारांचा सॅम्पलर. खरेदीच्या पानावर ही ओळ सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात असते. ती आधी वाचायची.

दुसरी गोष्ट आवृत्त्यांची. नव्या कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह केलेला पॅच (आवाजांची तयार जुळणी) जुन्यात उघडत नाही. नाटकाचा लॅपटॉप वेगळा, माझा वेगळा. दोन्हीकडे एकच आवृत्ती सांभाळणं आलं.

कॉन्टॅक्टची ताकद स्क्रिप्टिंगमध्ये, म्हणजे लायब्ररीत लिहिता येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, आहे हे मान्य. व्हायोलिनच्या लायब्ररीत दोन सूर जोडून वाजवले की मधला खराखुरा सरकता आवाज निवडून लावायचा, हे काम त्याच्या स्क्रिप्ट फार सफाईने करतात. सिनेमाचं संगीत करत असतो तर डोळे मिटून घेतला असता. या नाटकात व्हायोलिनचं काम पडद्यासारखं मागे राहण्याचं आहे. त्यासाठी एवढा खर्च पटत नाही.

१७ नोव्हेंबर

फुकटातले तीन बघितले: डिसेंट सॅम्पलर, प्लोगचा सफोर्झांडो आणि सफिझ.

डिसेंट सॅम्पलर दिसायला छान. त्याचा प्रीसेट (आवाजांची जुळणी) म्हणजे साधी एक्सएमएल, म्हणजे मजकुराची, फाइल, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. पियानोबुक या संकेतस्थळावर लोकांनी आपापल्या घरचे पियानो, डबे, जुनी खेळणी रेकॉर्ड करून वाटलेली आहेत, त्यांतलं पुष्कळ याच्यासाठी आहे. एक संध्याकाळ त्यात गेली, काम शून्य. ही लायब्ररी-धुंडाळणी हा एक वेगळाच रोग आहे.

सफोर्झांडो आणि सफिझ एसएफझेड नावाचा फॉरमॅट वाजवतात. एसएफझेड म्हणजे आवाजाच्या वेव्ह फाइली वेगळ्या, आणि कोणती फाइल कोणत्या पट्टीवर, किती जोराच्या दाबाला वाजवायची हे सांगणारी एक मजकूर फाइल वेगळी. नोटपॅडमध्येसुद्धा लिहिता येते. सफिझ तर मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो.

माझं मन इथे झुकलं त्याला थोडा इतिहास कारण आहे. १९९८ मध्ये नेमेसिसचा गिगासॅम्पलर आला. तोवर सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा) मेमरीत मावेल तेवढंच वाजायचं. गिगाने सुरुवातीचा तुकडा तेवढा मेमरीत ठेवून उरलेला थेट हार्ड डिस्कवरून वाजवायला सुरुवात केली. पियानोचा सूर पूर्ण विरेपर्यंत लूप न लावता (तोच तुकडा फिरवत न ठेवता) ऐकू येऊ लागला तो तेव्हापासून. लोकांनी त्याच्यासाठी महागड्या लायब्रऱ्या घेतल्या. पुढे तो टॅस्कॅम कंपनीकडे गेला आणि २००८ मध्ये बंद झाला. लॉजिक या संगीत सॉफ्टवेअरमधल्या इएक्सएस२४ सॅम्पलरची गोष्ट वेगळी पण चव तीच: तो बनवणारी एमॅजिक कंपनी २००२ मध्ये अॅपलने घेतली, त्यानंतर लॉजिक फक्त मॅकचं झालं आणि विंडोजवाले रस्त्यावर आले. सॅम्पलर मरतात, रेकॉर्डिंग मरत नाही. वेव्ह फाइल आणि एक मजकूर फाइल हातात असेल तर दहा वर्षांनी दुसरं काहीतरी ती वाजवेल.

२० नोव्हेंबर

मेमरीचा हिशेब. नाटकाच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम, त्यातली निम्मी विंडोज आणि ब्राउझर खातात (ब्राउझर बंद ठेवा हे ऑपरेटरला कागदावर लिहून द्यायचं).

२४ बिट (३ बाइट), ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० मोजमापं), स्टिरिओ (दोन बाजू): ४८,००० × ३ बाइट × २ = सेकंदाला २८८ केबी. डिस्कवरून वाजवताना प्रत्येक सॅम्पलचे सुरुवातीचे ६० केबी मेमरीत ठेवले असं धरलं, तर ते फक्त ०.२ सेकंदाचं वाजणं होतं. तेवढ्या वेळात डिस्कने पुढचा तुकडा आणून दिला पाहिजे. दहा हजार सॅम्पलची लायब्ररी म्हणजे एक सूरही न वाजवता ६०० एमबी गेले.

एसएसडी असेल तर हे आरामात जमतं. त्या लॅपटॉपला फिरती हार्ड डिस्क आहे. निर्णय: प्रयोगात थेट वाजणारं जे काही असेल ते पूर्ण मेमरीत, बाकी सगळं आधीच बाउन्स करून (तयार रेकॉर्डिंग काढून) वेव्ह ट्रॅक. एसएसडी टाकून घ्या असं संस्थेला सुचवलंय. "बघू" असं उत्तर आलंय.

२४ नोव्हेंबर

भारतीय वाद्यांच्या लायब्रऱ्या ऐकण्यात दोन दिवस घातले. स्वार सिस्टिम्सचा स्वारप्लग, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची डिस्कव्हरी मालिकेतली इंडिया, आणखी काही. तबला, सतार, बासरी उत्तम. रेकॉर्डिंग स्वच्छ, बोल ओळखीचे. हिंदी गाण्याचा किंवा जाहिरातीचा ट्रॅक करायचा असता तर यातलंच एखादं घेतलं असतं.

पण मला हवा तो संबळ मला कुठेच भेटला नाही. ढोलकी म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा ढोलक असतो. लावणीची ढोलकी शाईवर टणकते आणि धुमावर मनगटाने दाबून स्वर वर चढवतात. त्या चढण्यालाच तर ढोलकी म्हणायचं. एकेका ठोक्याचं सॅम्पल घेतलं की तेच हरवतं. तबल्याच्या लायब्रऱ्यांत डग्ग्याच्या घिश्श्याची (तळहात सरकवून स्वर चढवण्याची) वेगळी सॅम्पलं देतात, कीबोर्डवरच्या मॉड्युलेशन व्हीलला, म्हणजे फिरवायच्या चाकाला, ती जोडतात. पण हाताने किती दाबायचं हे वादक पुढचा बोल कोणता येणार ते बघून ठरवतो. व्हीलला पुढचं दिसत नाही.

'वर्ल्ड पर्कशन' नावाच्या पेट्यांत जगातले सगळे चामडी आवाज एकाच मोठ्या हॉलमध्ये, एकाच घुमाऱ्यासह असतात. ट्रेलरला ते शोभतं. आमच्या नाटकात बाप आठ बाय दहाच्या खोलीत बसून संबळ पुसत असतो. तिथे हॉलचा घुमारा लागला की दृश्य खोटं वाटणार.

तर संबळ स्वतः रेकॉर्ड करायचा. तुळजापूरकडच्या एका गोंधळी काकांचा नंबर मिळाला. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती घटकांचा गोंधळ?" त्यांना समजावलं की गोंधळ नाही, एकेक ठोका हवाय. बराच वेळ पलीकडून काही बोलणं नाही. मग म्हणाले, "या, बघू."

२ डिसेंबर

रेकॉर्डिंग झालं. जागा: काकांच्या ओळखीतल्या शाळेचा वर्ग, सुटीच्या दिवशी. सतरंज्या अंथरल्या, खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद. थंडी होती म्हणून बरं.

मायक्रोफोन तीन. मोठ्या भांड्याजवळ शुअर एसएम ५७, आणि साधारण दीड मीटरवर समोर दोन कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे माइक). संबळ कानाजवळ फार कडक वाजतो, कंडेन्सर आणखी जवळ आणले असते तर प्रीअॅम्प (माइकचा आवाज वाढवणारा भाग) चिरकलाच असता. गेन (आवाज किती वाढवायचा ते) असा ठेवला की सगळ्यांत जोराचा ठोका उणे सहा डीबीवर, म्हणजे कमाल मर्यादेच्या सहा डेसिबल खाली, यावा.

ठरवून नेलं होतं: सात प्रकारचे आघात, प्रत्येकी पाच जोर, प्रत्येक जोराला आठ ठोके. आघात असे: लहान भांडं मोकळं, लहान बंद, लहानाच्या कडेवर, मोठं मोकळं, मोठं बंद, मोठ्यावर वळलेल्या टोकाची काडी घासून, आणि दोन्ही एकत्र.

पाच जोरांवर गाडी अडली. मी म्हटलं, "काका, आता याहून थोडा हळू."

"किती हळू?"

"अगदी हळू. शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय असं समजा."

"झोपलेल्याला उठवायलाच तर संबळ हाय की," काका म्हणाले. त्यांचा मुलगा झांज बाजूला ठेवून हसत सुटला.

विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा त्यांचाच बरोबर. या वाद्यावर त्यांच्या हातात खरे जोर तीनच आहेत: सुरुवातीचा, चालीतला आणि देवीला हाक मारतानाचा. पाचांसाठी आग्रह धरला की मधले दोन कृत्रिम येत होते, काडी हातात अवघडत होती. जाहिरातीत 'सोळा व्हेलॉसिटी लेयर' (जोराचे सोळा थर) वाचून आपल्याला वाटतं की जितके जास्त तितकं खरं. सॅलमँडर ग्रँड पियानो या लायब्ररीला सोळा आहेत आणि तिथे ते शोभतात, पियानोच तसा आहे. संबळाला तीन. पाच खोडून तीन केले.

दुपारनंतर चामडं ताणलं गेलं आणि लहान भांड्याचा सूर थोडा चढला. सकाळच्या आणि दुपारच्या ठोक्यांत ऐकू येईल इतका फरक. काकांना तो आधी कळला, त्यांनी दोऱ्या सैल केल्या. तरी प्रत्येक आघाताच्या शेवटी मी एक मोकळा ठोका 'खूण' म्हणून घेत गेलो, एडिटिंगला तो कामाला येईल.

शेवटचा तास कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, आता गोंधळ वाजवा. काका, मुलगा, तुणतुण्यावर त्यांचे भाऊ. लय कशी सोडत नेली ते ऐकून दिवसभर घेतलेले ठोके किती उघडे आहेत ते कळलं. एक भांडं वाजलं की दुसऱ्याचं चामडंही थरथरतं, ती थरथर पुढच्या ठोक्यात मिसळते. हा तास पूर्ण रेकॉर्डवर आहे. नाटकातली सलग वाजणारी जागा यातूनच घ्यायची, सॅम्पलरमधून नाही.

तुणतुण्याचे झटके आणि झांजही घेतली. हलगी राहिली. तिला आधी शेकायला लागतं आणि शाळेत जाळ करायची परवानगी नव्हती. हलगी एका प्रवेशापुरती आहे, तिचं नंतर बघू.

५ डिसेंबर

काकांशी पैसे आणि हक्क यांचं बोलून कागद केला. या प्रकारची कामं सहसा तोंडी होतात, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

विकत घेतलेल्या लायब्ररीत आपण आवाज विकत घेत नाही, परवाना घेतो. आपल्या रचनेत वाजवा, पण सुट्टे आवाज दुसऱ्याला देऊ नका, हे जवळजवळ प्रत्येक करारात असतं. फुकट लायब्रऱ्यांत अटी वेगवेगळ्या. व्हर्सिलियनची व्हीएससीओ २ कम्युनिटी एडिशन ही ऑर्केस्ट्राची लायब्ररी सीसी० या खुल्या परवान्याखाली आहे, म्हणजे काहीही करा. सीसी-बाय असेल तर श्रेय द्यायचं. 'एनसी' (व्यावसायिक वापर नको) अक्षरं दिसली की तिकीट लावलेल्या नाटकाला ती चालणार नाही, मग आवाज कितीही गोड असो.

इथे मात्र लायब्ररीचा मालक मी आणि आवाज काकांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ३८ व्या कलमाखाली वादकाला स्वतःच्या वादनावर हक्क आहे, ५० वर्षांचा. मी विचारलं, हे ठोके पुढे इतर संगीतकारांना फुकट वाटले तर चालेल का? माझ्या डोक्यात ते होतं. काका म्हणाले, "नाटकात वाजवा. पण माझा हात मी नसताना दुसऱ्याच्या लग्नात वाजायला नको." जिथे तो वाजायचा त्या गोंधळावर त्यांचं घर चालतं, तेव्हा म्हणणं रास्त आहे. करारात लिहिलं: या नाटकापुरता वापर, श्रेयनामावलीत तिघांची नावं, दर प्रयोगामागे ठरलेली रक्कम, संच इतरांना देणार नाही.

११ डिसेंबर

कापाकापी संपली. काम कंटाळवाणं पण यावरच सगळं अवलंबून.

प्रत्येक फाइलची सुरुवात आघाताच्या एक-दोन मिलिसेकंद आधी कापली. इथे १५ मिलिसेकंदांची शांतता राहिली तर ती पॅड दाबताना उशीर म्हणून ऐकू येते आणि दोष लॅपटॉपला जातो. शेवट पूर्ण विरेपर्यंत न ठेवता फेड लावला, कारण वर्गाच्या खोलीची सूं सूं प्रत्येक ठोक्याबरोबर येते आणि एकदम दहा ठोके विरत असतील तर ती दहा डीबीने वाढते.

सुराचा चढउतार 'खूण' ठोक्यांवरून मोजला आणि एसएफझेडमध्ये प्रत्येक गटाला सेंटमध्ये (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) दुरुस्ती दिली. आवाज ताणला नाही, नुसता जागेवर आणला.

आता गंमत. आठ-आठ ठोके आळीपाळीने वाजवायचे, म्हणजे तोच ठोका लागोपाठ ऐकू येऊन मशीनगन होत नाही. लावून ऐकलं तर तरीही यांत्रिक. कारण चालीत मोकळा ठोका आवर्तनात चार वेळा येतो. आठ फाइली म्हणजे दर दोन आवर्तनांनी तीच फाइल त्याच जागी, आणि एक फाइल जराशी वेगळी असली की कान ती पकडतो. प्रत्येक संचातला सगळ्यांत फिका ठोका काढून सात ठेवले. आता तोच क्रम सात आवर्तनांनी परत येतो आणि तोवर प्रवेश संपलेला असतो.

७ आघात × ३ जोर × ७ ठोके = १४७ फाइली. सरासरी अडीच सेकंद धरले तर १०६ एमबी. मेमरीत लीलया मावतं.

तीन जोरांच्या सीमा सारख्या वाटल्या नाहीत. मिडीत (पॅड किंवा कीबोर्डकडून सॅम्पलरला जाणाऱ्या सूचनांत) दाब १ ते १२७. हळू ५४ पर्यंत, मधला १०० पर्यंत, वरचा त्यापुढे. शिवाय बंद ठोका आला की मोकळ्याची लांबण तोडायची, हे एसएफझेडमध्ये दोन ओळींत होतं. त्या दोन ओळींनी जेवढा फरक पडला तेवढा बाकी सगळ्या कामाने पडला नसेल.

१९ डिसेंबर

दुसऱ्या अंकाचं व्हायोलिन-चेलो. स्पिटफायरची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर ही लायब्ररी घेतली. लंडनच्या मायडा व्हेल स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या त्याच ऑर्केस्ट्राची सगळ्यांत छोटी आवृत्ती, जागा सुमारे २०० एमबी. मोठी आवृत्ती शेकडो जीबींत जाते, तिच्यात माइकच्या अनेक जागा आणि वाजवण्याच्या खूप पद्धती आहेत. मला लांब सूर आणि मॉड्युलेशन व्हीलवर आवाज चढवणं-उतरवणं एवढंच लागतं. मंद सुरुवातीच्या सुरांचा ट्रॅक थोडा आधी सरकवला म्हणजे ते तालावर बसले.

अडचण दुसरीकडून आली. तंबोरा आणि व्हायोलिन एकत्र लावले की गांधार खुपतो.

कारण साधं आहे. सा काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला), म्हणजे १३८.६ हर्ट्झ. तंबोऱ्याच्या तारेत साच्या पाचपट कंपनांचा सूर नैसर्गिकपणे असतो, तो ६९३ हर्ट्झ, आणि कान त्यालाच गांधार मानतो. लायब्ररीतला गांधार समान अंतराच्या पट्टीतला, १७४.६ हर्ट्झ. त्याची चौपट ६९८.५. दोघांत साडेपाच हर्ट्झचा फरक, म्हणजे सेकंदाला साडेपाच थरथरी. विलंबित जागेत ती दात घासल्यासारखी ऐकू येते. जवळजवळ १४ सेंटचा हा फरक आपल्या गवयांना सांगावा लागत नाही, लायब्ररीला मात्र सांगावा लागतो.

सफिझमध्ये स्कालाची ट्यूनिंग फाइल (स्वरांमधली अंतरं सांगणारी) लावता येते, त्यामुळे स्वतःच्या आवाजांना प्रश्न नाही. स्पिटफायरचा प्लेअर वेगळा. तिथे पिच बेंड (सूर वर-खाली सरकवण्याची सोय) वापरला. बेंडची मर्यादा दोन अर्धस्वर असेल तर १३.७ सेंट खाली म्हणजे एका बाजूच्या ८१९२ पायऱ्यांपैकी साधारण ५६०. पण बेंड सगळ्या ट्रॅकला लागतो, एकट्या सुराला नाही. म्हणून गांधार वेगळ्या ट्रॅकवर काढला. थरथर गेली. चेलोने सा-प धरला आणि वरून हा गांधार आला तेव्हा दिग्दर्शक खोलीत होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, हे आधीपेक्षा जुनं वाटतंय.

२७ डिसेंबर

पियानो: सॅलमँडर. यामाहा सी५ वर रेकॉर्ड केलेला, एसएफझेडमध्ये मिळतो, सफिझमध्ये उघडला आणि झालं. शहराच्या खोलीतला पियानो शिकाऊ हाताचा हवा म्हणून दाब कमी-जास्त केले, थोडे सूर उशिरा. दोन तासांत काम संपलं. सगळंच असं असतं तर.

संस्थेने एसएसडी घेतली.

८ जानेवारी २०२५

थेट वाजणारा संबळ. नट तीन ठिकाणी पाय आपटतो आणि प्रत्येक वेळी मोठ्या भांड्यावरचा एक घासलेला ठोका यायला हवा. तालमीत दर वेळी पाय निराळ्या क्षणी पडतो, म्हणून ट्रॅक चालणार नाही. ध्वनी सांभाळणाऱ्याच्या हाताशी यूएसबी पॅड ठेवलं.

बफर (लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज तयार करून पुढे पाठवतो तो तुकडा) १२८ मोजमापांचा ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद होतात. २५६ ला ५.३. मी १२८ साठी झगडत होतो आणि लॅपटॉप मधूनच खरखरत होता. मग नाट्यगृहाचं अंतर मोजलं. ध्वनी सांभाळणारा प्रेक्षागृहाच्या मागे, स्पीकर रंगमंचाशी, अंतर वीस मीटरच्या जवळपास. आवाजाला तिथवर यायला ५८ मिलिसेकंद. त्याला स्वतःचाच ठोका एवढा उशिरा ऐकू येतो. तो कानावर विसंबला तर पुढचा ठोका आपोआप आधी मारायला लागणार. अडीच मिलिसेकंदांची काटकसर यापुढे काहीच नाही. बफर २५६ ला ठेवला, खरखर बंद. त्याला सांगितलं की स्पीकर ऐकायचा नाही, पाय बघायचा. पाय उचलला की बोट पॅडच्या वर, टाच खाली येताना बोट खाली. तीन तालमींत हात बसला. हा मुलगा एरवी गणपतीत ताशा वाजवतो, त्याचाही फायदा.

पॅडवर फक्त वरचा जोर ठेवला. प्रयोगात घाबरून पॅड हळू दाबला गेला तर हळू ठोका येऊन विनोद व्हायला नको. बाकी दोन जोर या पॅचमधून काढूनच टाकले, सात फाइलींचा छोटा पॅच वेगळा सेव्ह केला.

एकजण म्हणाला की हे सगळं अॅबल्टन या संगीत सॉफ्टवेअरमध्ये सोपं गेलं असतं. गेलं असतं. पण माझा रीपर (मी ट्रॅक जुळवतो ते सॉफ्टवेअर) साठ डॉलरच्या परवान्यावर चालतो आणि त्याच्याबरोबर येणारा रिअॅसॅम्पलोमॅटिक हा साधा सॅम्पलर सात फाइली वाजवायला पुरेसा आहे. राखीव म्हणून तोही लावून ठेवला: सफिझ काही कारणाने बसलाच तर त्याच पॅडवर दुसरा ट्रॅक.

१९ जानेवारी

तांत्रिक तालीम. पहिल्या अंकातला सलग गोंधळ त्या शेवटच्या तासाच्या रेकॉर्डिंगमधून, लय सोडण्यासाठी कापून दोन ठिकाणी जोडलाय, जोड ऐकू येत नाहीत. काका मुलाला घेऊन बघायला आले होते. पाय आपटल्यावरचा ठोका ऐकून ते म्हणाले की काडी बरोबर हाय, पण हा ठोका एकटा येत नसतो, मागून लहान्याचा एक बारका येतो. तालीम थांबवून त्यांनी हाताने दाखवला. तो बारका ठोका आपल्या १४७ मध्ये आहे, हळू जोरातला लहान बंद. मोठ्यानंतर ११० मिलिसेकंदांनी लावला. काकांनी अंतर कमी करायला लावलं, ९० वर थांबले.

उरलेलं:

दुसऱ्या अंकाच्या शेवटचा चेलो संवादाखाली दोन डीबी कमी. हलगीचा प्रवेश दिग्दर्शकांनी कापला, त्यामुळे हलगी रद्द. सगळा संच (वेव्ह फाइली, एसएफझेड, बाउन्स केलेले ट्रॅक, पॅडची जुळणी) दोन पेन ड्राइव्हवर, एक ध्वनीवाल्याकडे, एक माझ्याकडे. प्रयोगाच्या लॅपटॉपवर विंडोजचं अपडेट थांबवायचं. काकांचा पहिल्या प्रयोगाचा हप्ता २६ तारखेच्या आत.